धुतलेला कडा

"मॅडम, झालं का?"

खालच्या खडकावरून परकारांचा आवाज आला. सकाळपासून त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला होता की मी उत्तर देणं सोडून दिलं होतं. मी कड्यावर दोराच्या आधारानं बसले होते. पायाखाली समुद्र, पाठीवर ऊन आणि नाकासमोर खडकात ठोकलेला एक बोल्ट. त्याला मी यंत्र लावून ओढलं. काट्यानं हवा तो आकडा दाखवला. पास. त्याच्या वरचाही पास. त्याच्या वरचाही.

खरं तर खूश व्हायला हवं होतं. बोल्ट पास झाले की सही करायची, जेवायचं आणि शारजाचा ट्रॅफिक तुंबायच्या आत घर गाठायचं. पण ते बोल्ट मला आवडत नव्हते. फारच चकचकीत होते. मंगल कार्यालयातल्या नव्या ताटांसारखे.

आधी माझं काम सांगते, कारण ते माझ्या नातेवाईकांनाही अजून नीट कळलेलं नाही. सासूबाई साताऱ्यात सांगतात की सून दुबईला 'चेकिंगमध्ये' आहे. शेजारणींचा समज असा की मी एअरपोर्टवर लोकांच्या बॅगा उघडते. मी थर्ड पार्टी इन्स्पेक्टर आहे. पहिली पार्टी म्हणजे मालक, दुसरी त्याच्यासाठी काम करणारी कंपनी, आणि तिसरी आम्ही. दोघांचंही ऐकायचं नाही, यासाठी दोघांनी मिळून बोलावलेले. सही सगळ्यांना हवी असते. तपासणी कुणालाच नको असते.

सुरुवातीची वर्षं मी क्रेन आणि लिफ्ट तपासल्या. मग इथं डोंगरांचं टुरिझम वाढलं. झिपलाइन आल्या, हायकिंगच्या वाटा आल्या, कड्यांवर चढायचे रूट आले. आमच्या ऑफिसात दोरावर लटकायची सवय असलेली मी एकटीच. कॉलेजात असताना सह्याद्रीत भरपूर कडे चढले होते. तो शौक असा नोकरीला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता पन्नाशी जवळ आलीय, गुडघे बोलतात, आणि हौस म्हणून डोंगर चढल्याला किती काळ लोटला ते मला आठवत नाही. ज्याचं पोट डोंगरावर, त्याला सुट्टीच्या दिवशी सपाट जमीन बरी वाटते.

ही जागा रास अल खैमा या अमिरातीच्या उत्तरेला. तिथं डोंगर सरळ समुद्रापर्यंत चालत येतात आणि पाण्याच्या काठावर थबकतात. झाड नाही, गवत नाही, नुसता राखाडी चुनखडीचा उभा दगड. एका रिसॉर्टनं तिथं रूट काढले होते. सुरुवातीला कोरड्या नदीच्या पात्रातून साधी पायवाट. मग खिंडीतून वर जाणारा दमछाक करणारा चढ. आणि शेवटी सगळ्यांना ज्याचे फोटो हवे असतात तो भाग, म्हणजे समुद्रावरच्या कड्याला आडवी जाणारी केबल. पाहुण्यांनी कमरेचा पट्टा त्या केबलला अडकवायचा, खडकात बसवलेल्या पायऱ्यांवर पाय ठेवत पुढं सरकायचं आणि खाली न बघण्याचा निश्चय करून खाली बघायचं.

ती केबल कशावर उभी असते? बोल्टवर. खडकात ड्रिलनं भोक पाडून त्यात स्टीलची जाड खुंटी ठोकतात, तो बोल्ट. त्यावर नट आवळून एक भोकाची पट्टी बसवतात, तिला हँगर म्हणतात. केबल त्या हँगरमधून जाते. माणूस घसरला तर त्याचं सगळं वजन झटक्यानं त्या पट्टीवर येतं. रूटवर बाकी कितीही सजावट असो, जीव पट्टीवर.

आता चकचकीतपणाचं सांगते. समुद्राजवळ स्टेनलेस स्टील गंजत नाही हा दुकानदारांचा समज आहे. खारी हवा लागली की त्यावर हलके तपकिरी डाग येतात. आमच्या धंद्यात त्याला टी स्टेनिंग म्हणतात, चहाचा डाग. दिसायला वाईट, पण बहुतेकदा वरवरचा. एक उन्हाळा समुद्रावर काढलेल्या बोल्टवर असा डाग नसेल तर मला तो दिसण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. हे बोल्ट गेल्या सीझनला बसवलेले होते. अख्खा उन्हाळा त्यांनी तिथं काढला होता. आणि डाग एकावरही नव्हता.

दुसरी गोष्ट खडकावर होती. प्रत्येक बोल्टच्या खाली एक पांढुरका ओघळ उतरला होता. आधी मला वाटलं समुद्रपक्ष्यांची विष्ठा. पण पक्षी इतके शिस्तीचे नसतात, की बरोबर प्रत्येक बोल्टखालीच बसतील. हात लावला तर दगड तेवढ्याच पट्ट्यात खरखरीत लागला. जरा वर गेले. खिंडीकडच्या टोकाला काही बोल्ट होते, त्यांच्यावर चहाचे डाग होते आणि खाली ओघळ नव्हते.

मी साताऱ्याची. आमचा दगड काळा. त्यावर काहीही सांडा, तो ढिम्म असतो. चुनखडीचं तसं नाही. त्यावर आंबट पडलं की ती फसफसते आणि विरघळते. हे शाळेत शिकले होते, पण डोक्यात यायला दोरावर बसून पाच-दहा मिनिटं गेली.

खाली उतरले. परकार पाण्याची बाटली घेऊन पुढं आले. इक्बाल परकार हे रूट चालवणाऱ्या कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर. मूळचे दापोलीकडचे, पण शाळा-कॉलेज सगळं दुबईत. आमचं बोलणं मराठीत चालायचं आणि दर चार शब्दांनी भरकटायचं. माणूस वाईट नाही. पण दुबईतलं हेड ऑफिस उंटावरून शेळ्या हाकायचं, आणि त्यातली शेळी परकार होते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पुल टेस्ट पास."

"अल्हम्दुलिल्ला. मग सर्टिफिकेट आज मिळेल ना? शनिवारी ओपनिंग आहे. दुबईवरून स्कूल ग्रुप येतोय, पूर्ण बस. मालकांकडून मिस मरियम पण येणार."

"बोल्ट कुणी साफ केले?"

"साफ? हां, क्लीनिंग झालं असेल. रूटीन आहे. का?"

"कशानं केलं?"

"पाण्यानं. अजून कशानं करणार? मॅडम, टेस्ट पास झालीय ना?"

"झालीय."

"मग?"

"मग मला एक बोल्ट तोडून बघायचाय."

परकारांनी बाटलीचं झाकण लावलं. "पास झालेला बोल्ट तोडायचा? मी हेड ऑफिसला काय सांगू? यल्ला मॅडम, आधी जेवून घ्या, मग बोलू."

त्यांचंही चुकत नव्हतं. पुल टेस्ट म्हणजे बोल्ट खडकाला किती घट्ट धरून आहे याची परीक्षा. पट्टीच्या आत बारीक चीर असेल तर ती त्या परीक्षेत दिसतेच असं नाही. हँगर काढून मागून बघता येतं, पण त्यासाठी केबल सोडवावी लागते. केबल सोडवली की रूट बंद, आणि पुन्हा ताण द्यायला वेगळी टीम लागते. पास झालेल्या वस्तूसाठी हे सगळं करायचं तर माझ्याकडं कारण हवं. 'फार चमकतात' हे कारण कुठल्याही रकान्यात बसत नाही.

म्हणजे कुणीतरी मला सांगायला हवं होतं की त्या कड्यावर काय ओतलं.

जेवायला मी साइटवरच्या माणसांच्यात जाऊन बसले. वाटा सांभाळणारी, केबल पुसणारी, पाहुण्यांना पट्टे बांधून देणारी ही टीम बहुतेक आपल्याकडची. लांजा, राजापूर, दोघे-तिघे सांगलीकडचे. आधी सगळे बिल्डिंगच्या कामावर होते. बिल्डिंगची कामं आटपली तेव्हा कंपनीनं त्यांना डोंगरावर आणलं. मी विचारलं, बोल्ट कशानं धुतले? एकजात सगळ्यांनी कानावर हात ठेवले. एक म्हणाला पाण्यानं. दुसरा म्हणाला, आम्ही धुतलेच नाहीत. तिसऱ्याला अचानक आठवलं की पिकअपचा टायर बघायचा राहिलाय.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, आर यू डन ऑर नॉट? आय हॅव ट्यूशन."

"बाबाला सांग सोडायला."

"ही इज इन अ मीटिंग."

"मग मी कड्यावर आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. मलाही कधीतरी कुणीतरी कुठंतरी सोडायला हवं होतं.

टीमचे फोरमन दत्ताराम. राजापूर तालुक्यातले, गल्फमध्ये केस पांढरे झालेले. बाकीची माणसं मला मॅडम म्हणायची, ते ताई म्हणायचे. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा त्या कड्यावर लटकले तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, आमच्या गावची बायकामाणसं शिडीवरपण चढत नायत." तेव्हापासून मी आले की ते माझा दोर स्वतः धरायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

जेवण झाल्यावर ते पिकअपच्या सावलीत एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. गुडघ्यांनी तक्रार केली.

"दत्ताराम, मी खडक बघितलाय. खडक खोटं बोलत नाही. काय ओतलंत?"

त्यांनी बाकीच्या माणसांकडं एकदा वळून बघितलं. मग म्हणाले, "सांगितलं तर माझं नाव येईल?"

इथं मला 'नाही येणार' म्हणता आलं असतं. लोक म्हणतात. मी म्हटलं, "मी स्वतःहून लिहिणार नाही. पण कुणी समोर विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. मग येईल."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर सगळे बोल्ट पास आहेत. सही न करायला माझ्याकडं कारण नाही. शनिवारी रूट चालू."

"शनवारी पाव्हणे," ते म्हणाले. "शुक्रवारी आमची पोरं. पाव्हण्यांच्या आधी केबलवर जाऊन सगळं ओढून बघायचं, दोर लावायचे. पहिलं वजन त्यांचंच पडतं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"टाइलचं ॲसिड, ताई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पावसाळ्याच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, इथं रूट बंद असतो. कारण इथं त्या महिन्यांत नुसती भट्टी असते. वेबसाइटसाठी फोटो काढायला माणूस आला. फोटोत बोल्टवर तपकिरी डाग दिसले. परकारांनी ते फोटो बघितले आणि साइटवर येऊन सांगितलं, हे काय गंजलेलं, लोक घाबरतील, हँडओव्हरसारखं चमकवा.

हँडओव्हर म्हणजे बिल्डिंग बांधून झाल्यावर मालकाच्या ताब्यात द्यायचा दिवस. दत्तारामांच्या माणसांनी अशा किती बिल्डिंगी दिल्या असतील, त्याला गणती नाही. हँडओव्हरच्या आधी काय करायचं हे त्यांच्या हातात बसलेलं आहे. फरशीवर, नळावर, बाथरूमच्या भिंतीवर सिमेंटचे डाग पडलेले असतात. ते घालवायला टाइलचं ॲसिड आणायचं, पाण्यात मिसळायचं, ब्रशनं घासायचं, वरून पाणी मारायचं. सगळं आरशासारखं होतं. मालक खूश, इंजिनिअर खूश. खलास. तेच त्यांनी कड्यावर केलं. साइट वेगळी, हात तेच.

"वरून पाणी मारलं का?" मी विचारलं.

"तिथं पाणी कुठं न्यायचं ताई? बाटलीनं थोडं थोडं ओतलं. पाइप पोचत नाय."

"सगळीकडं घासलं?"

"खालून सुरुवात केली. खिंडीकडचे टोकाचे राहिले. कॅन संपला."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. वर मला दिसलेला फरक त्यानं पक्का झाला. त्यांनी ते सांगितलं नसतं तर मला पूर्ण रूटच भंगारात काढायला लागला असता. आणि तेही बहुधा उशिरा.

ॲसिडनं स्टीलचं काय होतं, ते थोडक्यात सांगते. स्टेनलेस स्टीलवर डोळ्याला न दिसणारी एक पातळ साय असते. तीच त्याला वाचवते. टाइलच्या ॲसिडमध्ये जे क्लोराइड असतं ते ती साय खातं. घासलेला भाग कोरडा होतो, पण पट्टीच्या मागं, खडक आणि स्टीलच्या फटीत, थोडं ॲसिड राहतंच. वर नट आवळल्याचा ताण. वर समुद्राचं मीठ. वर इथला उन्हाळा. मग आतून केसासारख्या चिरा पडत जातात. बाहेरून वस्तू लखलखीत. माणूस ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद करून जिमला जातो, तसं काहीसं.

आता माझ्याकडं कारण होतं. परकारांना म्हटलं, एक हँगर काढतेय, जबाबदारी माझी. ते कुणाला तरी फोन लावत राहिले आणि मी वर गेले. दोर दत्तारामांनीच धरला.

केबल सैल केली, नट सोडवला. पट्टी काढली, उलटी केली. मागची बाजू समोरच्यासारखी नव्हती. काळपट ठिपके आणि वळणाच्या जागी एक बारीक, फांद्या फुटलेली रेघ. तिच्यावर नख फिरवलं तर नख अडकलं.

पट्टी खिशात टाकली आणि खाली आले. एका दगडावर ठेवली. परकार फोन कानाला लावूनच उभे होते. मी हातोडी उचलली आणि एक घाव घातला. जोरात नाही, नारळ फोडताना पहिला अंदाजाचा घाव घालतो तेवढाच. पट्टीचे दोन तुकडे झाले.

परकारांनी फोन खाली घेतला. पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"ही पास झालेली?" त्यांनी विचारलं.

"ही पास झालेली."

ते जवळच्या दगडावर बसले. दोन तुकडे हातात घेऊन जोडून बघितले, लहान मुलं फुटलेलं खेळणं बघतात तसे. "माझा मुलगा येणार होता शनिवारी," ते म्हणाले. "त्याचीच शाळा आहे."

मला त्यांची कीव आली, रागही आला, आणि दोन्ही मिळून फक्त थकवा झाला.

मिस मरियम दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. मालकांच्या बाजूच्या इंजिनिअर, शांत बाई, इंग्रजी स्पष्ट आणि हिंदी कामापुरती. कंटेनरमधल्या ऑफिसात आम्ही बसलो. एसीचा आवाज, टेबलावर खजूर, गाहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, छोट्या कपांचा थाळा आणि मधोमध त्या पट्टीचे दोन तुकडे. मी सगळं सांगितलं. धुतलेल्या भागातला एकही बोल्ट ठेवता येणार नाही. खिंडीकडचे न धुतलेले, मागून तपासून ठेवता येतील. समुद्राकडच्या बाजूला टायटॅनियम वापरा, त्याला हे दुखणं होत नाही. तोवर रूट बंद. पायवाट चालू ठेवा, तिथं दोराचं काम नाही.

मरियमनी ऐकून घेतलं. रूट बंद करायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो बैठकीत कुणीतरी विचारतंच.

"ये वॉशिंग किसने किया?"

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी तोंड उघडायच्या आत दाराजवळ उभे असलेले दत्ताराम म्हणाले, "मैंने करवाया, मॅडम."

"व्हाय?"

"साहब बोले थे, हँडओव्हर जैसा चमकाओ. तो हँडओव्हर जैसा किया."

सगळे परकारांकडं बघत होते. परकार पट्टीच्या तुकड्यांकडं.

"चमकाओ बोला था," ते शेवटी म्हणाले. "ॲसिड नहीं बोला था."

हेही खरंच होतं. त्या खोलीत त्या दिवशी कुणीच खोटं बोललं नाही. माझ्या नोकरीत असं फार कमी वेळा घडतं, आणि घडलं तेव्हाही त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी मरियमना म्हटलं, "या माणसानं सांगितलं नसतं तर मी सही केली असती. शुक्रवारी याचीच माणसं केबलवर असती आणि शनिवारी मुलं. हे तुमच्या मीटिंगच्या नोंदीत जाऊ द्या." त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. माझ्या रिपोर्टातही मी लिहिलं की साफसफाईच्या लेखी सूचना साइटवर नव्हत्या, आणि दोष उघड झाला तो साइटच्या माणसांनी स्वतःहून माहिती दिल्यामुळे. हे वाक्य मी जाड अक्षरात केलं. आमच्या ऑफिसनं ते पुन्हा साधं केलं, कारण रिपोर्टात जाड अक्षरं चालत नाहीत.

शनिवारी शाळेची बस आली. मुलं कोरड्या पात्रातून पायवाटेनं चालून आली, सँडविच खाल्ली आणि परत गेली. एका शिक्षिकेनं रिसॉर्टला तक्रार केली म्हणे, की जाहिरातीत दाखवलेली केबल बंद होती.

निकाल असा लागला. परकारांना एक ईमेल आलं. यापुढं क्लीनिंगसाठी अप्रूव्ह्ड मटेरियलच वापरावं, अशी त्यात सर्वांना सूचना होती आणि सर्वांमध्ये ते होते. दत्तारामांना वॉर्निंग लेटर मिळालं. परवानगीशिवाय केमिकल वापरल्याबद्दल. त्यावर त्यांची सही घेतली, फाइलला लावलं, आणि टीमच्या सगळ्या माणसांना ते वाचून दाखवलं, समज यावी म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर तेही बरोबर नाही. इथं चोर असा कुणी नव्हताच. फाशी मात्र बोलणाऱ्याला झाली.

मी हेड ऑफिसला फोन केला. एचआरमधल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं. "मॅम, ही डिड अ‍ॅडमिट इट," ती म्हणाली. "वुई हॅव टू डॉक्युमेंट." म्हणजे कबूल केलं, म्हणून. मी तिला विचारलं, कबूल केलं नसतं तर? ती म्हणाली, तर मग आमच्याकडं काही प्रूफ नसतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

थंडी सरता सरता नवे बोल्ट बसले आणि मला पुन्हा बोलावणं आलं. काम चांगलं झालं होतं. टायटॅनियम, नवी केबल, पायऱ्या पुन्हा आवळलेल्या. परकारांनी मला एक लॅमिनेट केलेला कागद दाखवला, काय वापरायचं आणि काय नाही याचा. हिंदीत, इंग्रजीत आणि मल्याळममध्ये. मराठीत नव्हता, पण हिंदी सगळ्यांना येते. परकार जरा बारीक झाले होते. मुलाची परीक्षा कशी झाली ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं.

जेवायला मी पुन्हा माणसांच्यात बसले. मागच्यासारखंच विचारलं, काही बदललं का, काही धुतलं का, कुठं काही सैल वाटतंय का.

"सगळं ओके मॅडम," एक जण म्हणाला.

"सब ओके," दुसरा म्हणाला.

दत्ताराम कोपऱ्यात डबा बंद करत होते. मी त्यांच्याकडं वळले. "तुम्ही सांगा. खिंडीकडच्या टोकाला वरून तिसऱ्या पायरीला मला नवा नट दिसला. कुणी बदलला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आपल्याला काय माहीत नाय, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही चेक करा."

मी चेक केलं. पायरी काढली. जुन्या नटाचे आटे गेले असणार, म्हणून कुणीतरी तो बदलला होता. काम बरोबर केलेलं होतं. सांगितलं असतं तर दोन मिनिटांचा प्रश्न होता. काढून, बघून, परत बसवून आवळायला माझी अख्खी दुपार गेली. दोर या वेळी दुसऱ्याच एका माणसानं धरला होता.

आता मी त्या साइटवरचा प्रत्येक हँगर काढून मागून बघते. एका दिवसाचं काम दोन दिवसांचं झालंय. कंपनी दर वेळी बिलावर तक्रार करते, आणि मी दर वेळी उत्तर देते, की तुमच्याकडं विचारून कळत नाही.